पहिली स्टील-स्ट्रिंग गिटार बांधताना: मापं आधी, लाकूड नंतर

गिटार बांधायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न हमखास लाकडाचा निघतो. शिसवी की महोगनी, स्प्रूस की सीडर, यात महिने जातात. महागडं लाकूड घरात येतं आणि पहिला काप घेताना कळतं की नेक कोणत्या कोनात बसणार हेच अजून ठरलेलं नाही. क्रम उलटा हवा: तारा, मग स्केल (तारेची वाजणारी लांबी), मग आकार, मग नेकचा कोन, मग लाकूड आणि ब्रेसिंग (आतून चिकटवायच्या आधारपट्ट्या). प्रत्येक निर्णय पुढच्याचे पर्याय कमी करत जातो, म्हणून या क्रमाने गेलं की गोंधळ आपोआप कमी होतो.

इथे एकच ठरावीक गिटार धरली आहे: ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकार, 14व्या फ्रेटवर बॉडीला जोड, 645 मिमी स्केल, 12-53 तारा (सर्वांत पातळ 0.012 इंच, सर्वांत जाड 0.053 इंच). पहिल्या गिटारीला स्वतःचा आकार काढायचा मोह टाळा. माहीत असलेली मापं घेतली तर काय चुकलं ते शोधता येतं. सगळंच नवं असेल तर दोष कुठे आहे याचा पत्ताच लागत नाही.

1. तारा आणि स्केल

12-53 चा सेट 645 मिमी स्केलवर नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा एकूण ताण 70 किलोंच्या पुढे जातो. नायलॉनच्या तारांचा ताण 40 किलोंच्या आसपास असतो. दोन्ही गिटारींचं आतलं हाडकाम वेगळं असतं ते याचसाठी. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये अँतोनियो दे तोरेस या गिटार कारागिराने पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांची रचना घट्ट बसवली, ती आतड्याच्या आणि पुढे नायलॉनच्या तारांना पुरते. अमेरिकेत मार्टिन या गिटार कंपनीच्या कारखान्यात 1840च्या दशकात एक्स-ब्रेसिंग (इंग्रजी X सारख्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या) आलं आणि पुढे स्टीलच्या तारांचा भार त्यानेच पेलला. इंटरनेटवरून एका नकाशाचं ब्रेसिंग आणि दुसऱ्याच्या तारा अशी मोट बांधली तर काही महिन्यांत ब्रिजच्या (तारा अडकवायचा लाकडी तुकडा) पुढचा टॉप, म्हणजे बॉडीची वरची फळी, खचतो आणि मागचा फुगतो.

ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 632 मिमीऐवजी 645 मिमी घेतलं तर त्याच तारा त्याच सुरात सुमारे 4 टक्के जास्त ओढतात. बोटांना मऊ हवी असेल तर 632 घ्या, पण मग फ्रेटबोर्ड, ब्रिजची जागा, ब्रेसिंगचा आराखडा सगळं त्याप्रमाणे सरकवावं लागतं. फक्त एक माप बदलून भागत नाही.

फ्रेटची अंतरं काढायला स्केलला 17.817 ने भागा: पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 36.20 मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागून पुढचा. 645 मिमीसाठी काही मापं तपासायला: दुसरा 70.37, पाचवा 161.80, सातवा 214.51, बारावा 322.50, चौदावा 357.69. गणित असं साखळीने केलं तरी आखताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर वेळी साठत जाते आणि बाराव्या फ्रेटपर्यंत कानाला जाणवेल इतकी चूक होते.

2. आकार

ओएमचा खालचा घेर, म्हणजे खालच्या फुगीर भागाची रुंदी, 381 मिमी, वरचा 286, बॉडीची लांबी 492. खोली मागच्या टोकाला 105 आणि नेकपाशी 85 मिमी. 1929 साली मार्टिनने हा आकार काढला तो पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून, बॉडीबाहेर 14 फ्रेट मोकळे हवे होते म्हणून. दुकानांत सर्वांत जास्त दिसणारी ड्रेडनॉट यापेक्षा मोठी: खालचा घेर 397, खोली 124.

ड्रेडनॉटची कंबर उथळ असल्यामुळे साइड वाकवायला ती खरं तर सोपी. तरीही पहिल्या कामाला ओएम बरी. साइडला रुंद फळी लागत नाही, मांडीवर नीट बसते, आणि लहान टॉपमध्ये जाडीची थोडी चूक खपून जाते. कटअवे, म्हणजे नेकशेजारी बॉडीला दिलेला कापीव वळसा, मात्र काढू नका. तिथला वळसा इतका तंग असतो की त्या एका वळणावर साइडच्या दोन-तीन जोड्या मोडतात.

3. बाजूने दिसणारं पूर्ण मापाचं चित्र

हा भाग सगळे टाळतात आणि इथेच गिटार बिघडते. सुमारे 1100 मिमी लांब हार्डबोर्ड घ्या आणि गिटार बाजूने कापल्यासारखी, 1:1 मापात काढा. साइडच्या वरच्या कडेची सरळ रेघ ही आधाररेषा.

बॉडीच्या जोडावर टॉपच्या वर 6 मिमी फ्रेटबोर्ड आणि 1 मिमी फ्रेट, म्हणजे 7 मिमी. ब्रिज 9 मिमी जाड. टॉप सपाट नसतो, सुमारे 8.5 मीटर त्रिज्येचा हलका घुमट असतो. 381 मिमी रुंदीत त्याचा फुगवटा जेमतेम 2 मिमी भरतो, पण ब्रिज तेवढा वर जातो. म्हणजे ब्रिजचा माथा आधाररेषेपासून 11 मिमीवर. आता नियम एकच: फ्रेटच्या माथ्यांवर धरलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम शिवून गेली पाहिजे.

बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2.4 मिमी हवी असेल, तर सॅडलपाशी (ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी) तार फ्रेटच्या रेषेच्या वर त्याच्या दुप्पट असते, त्यातून नटपाशी असलेली अर्धा मिमी उंची वजा. म्हणजे सुमारे 4.3 मिमी. ब्रिजचे 9 मिळवले की तार टॉपपासून 13 मिमीच्या थोडी वर येते. हेच हवं असतं. सॅडल ब्रिजबाहेर 2 मिमीपेक्षा कमी उरलं तर तार त्यावर पुरेशी दाबून बसत नाही आणि आवाज पोकळ येतो. फार उंच झालं तर तारा सॅडलला पुढे ढकलतात, ब्रिज पिळला जातो आणि कधी खाचेच्या पुढच्या कडेला चिरतो.

या मापांवरून नेकचा कोन 0.8 अंशाच्या आसपास निघतो. पण अंश मोजत बसू नका, ब्रिजपाशी मिलिमीटर मोजा. नेकची टाच (बॉडीला जोडलं जाणारं जाड टोक) 85 मिमी खोल आणि 14व्या फ्रेटपासून सॅडल 287 मिमीवर, म्हणून टाचेच्या खालच्या टोकाला 1 मिमी जास्त घासलं की ब्रिजपाशी पट्टी 3.4 मिमी सरकते. सॅडलची अख्खी उंची जवळजवळ एवढीच आहे! त्यामुळे टाच बसवताना रंधा ठेवून द्या. जोडात सँडपेपरची पट्टी धरून नेक जागेवर दाबायचा आणि पट्टी ओढून घ्यायची, दोन्ही गालांवर सारखी, चार-चार ओढ्यांनंतर फ्रेटवर सरळ पट्टी लावून तपासायचं.

पहिल्या गिटारीला डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखा पसरट, डिंकाने चिकटवलेला) जोड नको. साधी खाच-जीभ आणि आतून दोन एम6 बोल्ट पुरतात. वर्षानुवर्षं ताण खाऊन प्रत्येक स्टील-स्ट्रिंग गिटारीचा कोन थोडा बदलतो आणि कधीतरी नेक काढून पुन्हा बसवावा लागतो. बोल्टचा नेक तासाभरात निघतो, डव्हटेलला वाफ सोडत बसावं लागतं.

4. आता लाकूड

बॅक आणि साइडच्या लाकडावर जितकी चर्चा होते तितका त्याचा हिस्सा आवाजात नाही. तोरेसने 1862 साली बॅक आणि साइड कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची आणि फक्त टॉप स्प्रूसचा अशी गिटार बनवली होती. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. 2018 मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी बॅक-साइडचं लाकूड सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या 6 गिटारी, लाकूड दिसणार नाही अशा बेताने, 52 वादकांना वाजवायला दिल्या. महाग लाकडाला वादकांनी काही वेगळे गुण दिले नाहीत.

तेव्हा पैसे टॉपवर खर्च करा. सिटका किंवा एंगलमन स्प्रूसचा जोड घ्या, प्रत्येक अर्धा किमान 205 मिमी रुंद, 530 लांब, 4 मिमी जाड. टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. त्या तिरक्या असतील तर फळी रेषेला आडव्या दिशेने हातात सहज वाकते. असा टॉप पाट्यासारखा सपाट दिसला तरी तारांखाली टिकत नाही.

बॅक-साइडला शिसवी मिळाली तर उत्तम. जगभर ‘इंडियन रोझवूड’ म्हणून विकलं जातं ते हेच, सह्याद्रीतही वाढणारं लाकूड. गरम पाइपवर ते महोगनीपेक्षा शहाण्यासारखं वाकतं. 2017 पासून शिसवीची सगळी जात ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, पण नुसतं लाकूड परदेशी पाठवायला कागदपत्रं लागतात. मुलाकडे अमेरिकेला गिटार नेणं आणि त्याच्यासाठी फळ्या नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात असू द्या. ब्राझीलच्या शिसवीच्या वाटेला जाऊच नका, ती 1992 पासून परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंधनाखाली, आहे.

मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तूनही विचारात घ्या. ते महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि कापायला गोड आहे. मऊ असल्यामुळे बोल्टचा पेच पकडायला टाचेत कठीण लाकडाची आडवी खुंटी बसवावी लागते, एवढंच. जुन्या दारा-खिडक्यांचा साग फुकट मिळतो म्हणून वापरायला हरकत नाही, पण तो पटाशीची धार खातो आणि तेलकट असल्याने डिंक धरत नाही. शिसवी काय, साग काय, जोडण्याआधी पृष्ठभाग ताजा खरवडायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचा आणि लगेच चिकटवायचा.

5. हवा

सगळं नीट करूनही गिटार फुटते ती इथे. स्प्रूस आडव्या दिशेने हवेतल्या ओलाव्यानुसार फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मुंबईत किंवा गोव्यात जुलैमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असताना 400 मिमी रुंदीचा टॉप जोडलात आणि तीच गिटार 45 टक्क्यांच्या खोलीत आली, तर तो टॉप चार-पाच मिमी आकसू पाहतो. खालून आडवे ब्रेस चिकटलेले असल्याने त्याला आकसता येत नाही. मग आधी घुमट जातो, टॉप आत बसतो, तारा फ्रेटला लागतात आणि शेवटी मधल्या जोडाला किंवा ब्रिजच्या कडेला चीर पडते. नागपूरच्या मे महिन्यात हे आठवड्याभरात घडतं. उलट, कोरड्या हवेत बांधलेली गिटार पावसाळ्यात फुगते. सूर आणि तारांची उंची बिघडते, पण फुटत नाही. चुकायचंच असेल तर कोरड्या बाजूला चुका.

म्हणून 45 ते 50 टक्के हे लक्ष्य. वर्कशॉप अख्खं कोरडं करायची गरज नाही. ब्रेस चिकटवणं, टॉप आणि बॅक साइडवर बसवणं, ब्रिज लावणं, एवढीच कामं या हवेत झाली पाहिजेत. एसीची छोटी खोली आणि आधी तपासून घेतलेला हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पुरतो. लाकूड त्या खोलीत दोन आठवडे, फळ्यांमध्ये काड्या घालून, सर्व बाजूंनी हवा लागेल असं ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर ते आतल्या आत तसंच राहतं.

6. टॉप आणि ब्रेसिंग

मधला जोड आधी. दोन्ही अर्ध्यांच्या कडा एकत्र धरून रंधा मारा, मग खिडकीसमोर धरून पाहा. प्रकाशाची बारीकशी फट दिसली तरी पुन्हा. शिकंज्याने दाबून बंद केलेली फट पुढच्या उन्हाळ्यात उघडतेच.

मग जाडी. सिटकासाठी 2.9 मिमीपर्यंत या आणि थांबा. फळी आडवी धरून दोन्ही हातांनी वाकवून पाहा. तरी ताठ वाटली तर 2.7. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: 3.0 वरून 2.7 वर आलं की जाडी 10 टक्केच कमी होते, ताठपणा मात्र 27 टक्के. सँडपेपरच्या शेवटच्या दहा मिनिटांत गिटारचा स्वभाव ठरतो तो यामुळे. खालच्या घेराची कडेची 50 मिमीची पट्टी 2.4 पर्यंत उतरवली तर चालते, ब्रिजखाली नाही.

ब्रेससाठी स्प्रूसचा ठोकळा करवतीने न कापता पटाशी मारून फाडायचा, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड मिळतात. एक्सच्या पट्ट्या 8 मिमी रुंद, 16 मिमी उंच, वाढीच्या रेषा उभ्या. एक्सचा छेद साउंडहोलच्या कडेपासून 35 ते 40 मिमीवर, पायांमधला कोन 95 ते 100 अंश. चिकटवण्यापूर्वी नकाशावर ब्रिज ठेवून पाहा: ब्रिजची दोन्ही टोकं एक्सच्या पायांवर पडली पाहिजेत. ती मधल्या मोकळ्या जागेत राहिली तर ब्रिजची टोकं टॉपला दाबून चर पाडतात.

छेदावर दोन्ही पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या खाचून बसतात. एकीची खाच वरून उघडी राहते आणि तिथे ती निम्मीच उरते. त्या खाचेवर स्प्रूसची छोटी टोपी किंवा डिंकात भिजवलेलं सुती कापड चिकटवलंच पाहिजे. हे विसरलेल्या गिटारीत पहिल्या वर्षात नेमका तोच सांधा सुटतो आणि टॉप साउंडहोलपाशी बसतो.

तासताना उंची आणि रुंदी यांचा हिशेब वेगळा ठेवा. रुंदी 10 टक्के कमी केली तर ताठपणा 10 टक्केच जातो. उंची 16 वरून 14.4 केली तर 27 टक्के. म्हणून उंचीला हात सावकाश लावायचा. 12 मिमीची धारदार पटाशी, चपटी बाजू वर, कागदासारखे पापुद्रे. छेदापाशी पूर्ण उंची राखा, तिथून टोकांकडे सरळ उतरत टोकाला 3 मिमीवर आणा. मधे खड्डा काढून तासलेल्या ब्रेसने खर्ज वाढतो हे खरं. पण खड्डा किती खोल, हे आधी न तासलेली गिटार ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. टकटक करून टॉप कधी ‘बोलतो’ ते ओळखायचं म्हणतात. एकाच टॉपवर कान ठेवून नवख्याला त्यातून काही उमगत नाही, मापांवर भरवसा ठेवा.

ब्रिजखाली आतून मेपल किंवा शिसवीची 2.5 मिमी जाड पट्टी, एक्सच्या पायांमध्ये फट न सोडता बसेल अशी. तारांच्या टोकांचे मणी तिच्यावरच अडकतात.

7. साइड, बॅक, पेटी बंद करणं

साइड 2.0 मिमी. पाइपवर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे. सुरुवात कंबरेपासून. साइड ओली करून पाइपवर धरायची, लाकूड स्वतःहून सैल पडलं की हात न्यायचा. जोर लावावा लागत असेल तर लाकूड अजून तापलेलं नाही, आणि जोर लावला की कडकन मोडतं. बॅक 2.4 मिमी, त्याचा घुमट 4.5 मीटर त्रिज्येचा, मधोमध सुमारे 4 मिमी फुगवटा. पेटी बंद करण्याआधी आत साचलेला डिंक काढा, नंतर साउंडहोलमधून ते काम जमत नाही.

साउंडहोल 100 मिमी व्यासाचं. पेटीतल्या हवेचा मुख्य सूर ओएममध्ये 100 हर्ट्झच्या जवळपास येतो. तो बरोबर 98 वर, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या जी स्वरावर बसला, तर तो एकच स्वर घुमतो आणि पटकन विझतो. असं झालं तर कापण्याआधी कागदाने साउंडहोलचा थोडा भाग झाकून पाहा. भोक लहान झालं की हवेचा सूर खाली जातो, मोठं केलं की वर. दोन स्वरांच्या मधे बसला की झालं.

8. ब्रिजची जागा

दाबलेली तार ताणली जाऊन चढी बोलते, म्हणून सॅडल 645 च्या थोडं मागे लागतं: पातळ तारेपाशी 647, जाड तारेपाशी 650 मिमी. तारांची टोकाटोकाची रुंदी सॅडलवर 57 मिमी असल्याने हा तिरपेपणा सुमारे 3 अंश होतो. ब्रिज नेक बसवल्यावरच लावायचा, आणि जागा नटपासून प्रत्यक्ष मोजून ठरवायची. नकाशावरून नाही.

ब्रिजखालचं पॉलिश पूर्ण खरवडा, कडेला राहिलेला 2 मिमीचा पट्टासुद्धा. ब्रिज मागून उचकटण्याचं सर्वांत साधं कारण तेच असतं. ब्रिजचा तळ टॉपच्या घुमटाला जुळेल असा घासा. सपाट तळ शिकंज्याने दाबून चिकटवला तर तो कायम सुटायच्या बेतात असतो.

इथे आणि ब्रेसना नेहमीचा पांढरा पीव्हीए डिंक नको. सततच्या ताणाखाली, विशेषतः उन्हात उभ्या गाडीत, तो हळूहळू सरकतो. गरम सरस, 60 अंशांच्या आसपास ठेवलेला, सर्वांत चांगला. पण तो मिनिटभरात थिजतो, म्हणून शिकंजे आधी कोरडे लावून सराव करा. तेवढा हात बसला नसेल तर वाद्यांसाठी मिळणारा पिवळा अ‍ॅलिफॅटिक डिंक घ्या.

पॉलिशला लाखेचं फ्रेंच पॉलिश पातळ आणि दुरुस्तीला सोपं. पावसाळी दिवशी लावलं तर पांढुरकी झाक धरतं.

9. तारा चढवल्यावर

पहिल्या दिवशी सूर अर्ध्या स्वराने खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण. तारा लावण्याआधी ब्रिजच्या मागे टॉपवर छोटा डिजिटल कोनमापक ठेवून आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा घ्या. 1 ते 2 अंश फिरला असेल तर बांधणी योग्य. काहीच हललं नसेल तर ब्रेस जाड राहिले आहेत. साउंडहोलमधून हात घालून, तारा सैल करून, एक्सच्या पायांची खालची टोकं थोडी उतरवता येतात. 3 अंशांच्या पुढे जात असेल तर तारा लगेच उतरवा, छोटा आरसा घालून एक्सचा छेद आणि ब्रिजखालची पट्टी सुटली आहे का ते पाहा. सगळं चिकटलेलं असेल तर टॉपच पातळ झाला आहे. त्या गिटारीवर 11-52 किंवा त्याहून हलका सेट लावा आणि सॅडल नव्या उंचीला घासून घ्या: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडलच्या तळातून एक मिमी.